चाळीस हात दोरी घेऊन सुरतला

आमच्या गावातली अर्धी तरणी माणसं सुरतला आहेत, आणि त्यांच्या मायबापांपैकी कितीतरी जणांनी सुरत डोळ्यांनी पाहिलेली नाही. फोनवर पोरगं "बरं चाललंय" म्हणतं, तेवढीच त्यांची सुरत. त्यांच्यासाठी हे लिहितो. मी तिसरी पास. बावीस वर्षं सुरतेत पावरलूम चालवली, दहा वर्षांपूर्वी गावी परत आलो. घरात आम्ही अहिराणी बोलतो, लिहिताना शाळेतली मराठी येते. लिहिण्यात चुका असतील त्या वाचणाऱ्याने मनात सुधारून घ्याव्या, मला सांगायला येऊ नये.

जायचं कारण असं की मला मळ्यात घर बांधायचं आहे. गावात आहे ती एक खोली, तीही गल्लीच्या तोंडाशी. मळा वडिलांकडून आलेला, दोन बिघे, विहिरीला पाणी आहे, कडेला कडुनिंब आहे. तिथे सगळ्या कुटुंबाने राहावं, दोन गाई असाव्या, लिंबाची झाडं लावावी, पोरांनी सुरत सोडून यावं, असं मी वर्षभर घोकत होतो. अजून एक वीट आलेली नाही. पण बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि घराचं माप त्या दोरीवरच बांधून ठेवलं. लांबी चाळीस हात. थोरल्या रवींद्रची खोली संपते तिथे लाल चिंधी, धाकट्या किशोरची संपते तिथे पिवळी, आमची संपते तिथे पांढरी. इंजिनिअर लागला नाही.

पोरांची माय म्हणाली, "पोरांना विचारलं का?"

मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? बापाचं घर आहे."

"मग खोल्या कोणासाठी मोजताय?"

मी दोरी गुंडाळून पिशवीत घातली आणि तिसऱ्या दिवशी गाडीत बसलो. बरोबर भरताची वांगी, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणि लाल मिरच्या. पोरं नाही म्हणाली तर काय, हा विचार मी नंदुरबारपर्यंत केला नाही, आणि नंदुरबारनंतर दुसरा कुठला विचार केला नाही.

उधना, सोमवार

उधना स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं आणि मला काही ओळखू येईना. वर पूल, पुलावर पूल. मी बावीस वर्षं राहिलेला माणूस, मी रस्ता विचारणार नाही, म्हणून शेअर रिक्षात बसलो. रिक्षावाला पिशवीतून बाहेर आलेली दोरी बघून हिंदीत म्हणाला, "काका, बैल पीछे से आ रहा है क्या?" सगळे हसले. मी तोंड फिरवून बसलो. या रागात रवींद्र राहतो ते नवागाम मागे गेलं ते कळलं नाही. शेवटच्या नाक्यावर त्याने उतरवलं तेव्हा मी जणू इथेच यायचं होतं असा उतरलो, आणि वांग्यांचं ओझं घेऊन उन्हात पाऊण तास उलटा चाललो.

नवागाम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. आपल्या गावातल्या दोन घरांमध्ये जेवढं अंतर असतं तेवढ्यात तिथे चार घरं असतात आणि त्यांच्या वर आणखी तीन. गल्लीत मोटारसायकली, पाण्याचे पिंप, कपडे. पण आवाज आपल्याकडचाच. एका दारात अहिराणीत भांडण चाललं होतं, पलीकडे जालन्याकडची बाई पोराला ओरडत होती, समोरच्या ओडिया घरातून मासे तळल्याचा वास. पोरं मात्र आपसात गुजराती बोलतात. एकाने मला विचारलं, "दादा, कोनुं घर जोइए?" मी म्हणालो, "माझ्या पोराचं." आता तिथे कोणाचा पोरगा कोण हे त्याला काय कळणार!

रवींद्रची बायको ज्योती दारातच शिलाई मशीनवर बसली होती. ती साड्यांना लेस लावते. भोवती साड्यांचा ढीग, तिला उठायलाच दोन मिनिटं लागली. डोक्यावर पदर घेऊन पाया पडली. "आबा, फोन करायचा ना! हे घ्यायला आले असते." पाण्याचा पेला तिने माझ्या हाताला लावून दिला. मला अंधुक दिसतं असं तिला वाटत होतं. मागच्या वेळी आलो तेव्हा होतंच तसं, मोतीबिंदू पिकला होता. दिवाळीनंतर धुळ्याला जाऊन दोन्ही डोळे करून आलो ते मी कोणाला कळवलं नव्हतं. पोरांनी खाडे करून यायचं आणि मला पट्ट्या बांधलेलं पाहायचं, हे मला नको होतं. आता सांगायला हरकत नव्हती. पण सून पेला हातात देते, पोरगा हात धरून पायरी उतरवतो, हे काही वाईट नसतं. मी गप्प राहिलो.

रवींद्र दिवसपाळी करून सातनंतर आला. तो खात्यात मास्तर आहे, म्हणजे मशीन बिघडलं की ते चालू करून देणारा. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. भरीत आणि कळण्याची भाकरी बघून त्याचा चेहरा खुलला. दोन भाकरी झाल्यावर मी म्हणालो, "मळ्यात घर काढतोय. तुझी खोली अकरा हात. वर्षभरात आवरून या."

"हो आबा. चांगलं आहे," तो म्हणाला आणि तिसरी भाकरी घेतली.

इतकंच. किती खोल्या, कधी, त्याच्या पोरीच्या शाळेचं काय, एक प्रश्न नाही. बावीस वर्षं मशीनं चालवल्यावर एक गोष्ट अंगात भिनते. मशीन कुरकुरत असलं तर काळजी नसते. ते एकदम गुळगुळीत चालायला लागलं की आत कुठेतरी काही सुटलेलं असतं. मी अंथरुणावर पडलो आणि तो "हो" परत परत काढून बघत बसलो.

मंगळवार

सकाळी रवींद्र कामावर गेल्यावर मी ज्योतीला म्हणालो, "ये, घर दाखवतो." खोलीत दोरी मावेना, म्हणून गल्लीत ताणली. एक टोक तिच्या दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं घेऊन चालत निघालो. लाल चिंधी शेजारच्या दाराशी आली. पिवळी त्याच्या पुढच्या दुकानाशी. पांढरी आणि शेवटचं टोक कुठे तर पाच दारं सोडून विजेच्या खांबाला! सगळी गल्ली बघायला बाहेर आली. जालन्याची बाई म्हणाली, "अगं बया, ज्योती, एवढ्यात तर आम्ही सहा बिऱ्हाडं राहतो." ज्योती हसली. रवींद्रची पोरगी आणि तिच्या मैत्रिणी दोरीवरून उड्या मारायला लागल्या. मला फार बरं वाटलं. एक मोटारसायकलवाला भोंगा वाजवत थांबला, त्याला मी म्हणालो, "घर आहे, वळसा घालून जा."

ज्योती लाल चिंधीपर्यंत चालत गेली. पावलं मोजत होती. मग म्हणाली, "दारं कोणीकडे आहेत, आबा?"

"सगळी आत, अंगणाकडे."

"आणि तुमची खाट?"

"अंगणात मधोमध. तिथून सगळी दारं दिसतात. कोण आलं, कोण गेलं, कोणाला काय लागतं, सगळं कळतं."

तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं. मला वाटलं हसली. "चांगलं आहे," ती म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. नवऱ्याचाच शब्द, तसाच.

दुपारी डोळा लागला. उठून बाहेर आलो तर माझ्या घरावर लोकांचे कपडे वाळत होते. ओडिया बाईने दोन लुंग्या आणि चादर टाकली होती, दुकानदाराने फडकं, किशोरच्या खोलीवर कोणाचं तरी लहान पोराचं अंगडं. दोरी आयती ताणलेली दिसल्यावर कोण सोडतो! मी ओरडणार होतो. पण ती बाई हात जोडून ओडियात काहीतरी म्हणाली आणि मला तळलेल्या माशाची वाटी देऊ लागली. आम्ही माळकरी, मासे खात नाही, तेही तिला कसं सांगावं कळेना. कपडे वाळेपर्यंत मी तिथेच दगडावर बसून राहिलो.

पलसाणा, बुधवार

धाकटा किशोर पलसाण्याला डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये आहे. हायवेच्या दोन्ही बाजूंनी मिला, धुरांडी, आणि वाफेला एक आंबट वास. त्याची सुटी होती. मिलच्या मागच्या खोल्यांत चौघं मिळून राहतात. त्याची नखं निळी, कोपरापर्यंत निळसर. मी हात हातात घेऊन बघितला तर म्हणाला, "या आठवड्यात निळा चाललाय, आबा. मागच्या आठवड्यात आला असता तर मी टोमॅटो होतो." हा पहिल्यापासून असाच.

त्याने हायवेवरून पोंक आणला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचे हिरवे कोवळे दाणे. पण खायची रीत निराळी. आपण शेतात आगटी पेटवतो, कणीस भाजून हातावर चोळतो, फुंकर मारतो, तोंडात टाकतो. तिथे दाणे साफ करून पुड्यात मिळतात, वर लिंबू-मिरीची शेव आणि साखरेचे बारीक गोळे. मी म्हणालो, "हुरड्याबरोबर गोळे! हे काय लहान पोराच्या वाढदिवसाचं खाणं आहे का?" आणि अर्धा पुडा संपवला. धूर अंगाला लागत नाही तो हुरडा नव्हे, एवढं मात्र मी तिथे सांगून आलो.

मग त्याला दोरी दाखवली. पिवळी चिंधी हातात घेऊन तो कितीतरी वेळ चोळत बसला. निळं बोट तिला लागलं.

"मला काय," तो म्हणाला. "मी आजसुद्धा येईन. पण एकटा नाही यायचो, आबा. दादा आला तर मी आलो."

"दादा हो म्हणालाय."

"म्हणाला?" त्याने माझ्याकडे बघितलं. "दादा म्हणाला?"

"म्हणाला म्हणजे काय? माझ्यासमोर म्हणाला."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि शेवेचा पुडा माझ्याकडे सरकवला. पण त्याचं ते "दादा म्हणाला?" माझ्या डोक्यातून जाईना. सगळं घर एका लाल चिंधीला टांगलेलं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

खातं, गुरुवार

मला जुनं काम बघायचं होतं, म्हणून गुरुवारी दुपारी रवींद्रच्या खात्यावर गेलो. शेठ गावाला गेला होता, वॉचमन आपल्याकडचाच निघाला.

ज्यांची पोरं लूमवर आहेत त्यांना हे कळायला हवं. खात्यात शंभरएक मशीनं एकदम चालतात तेव्हा कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. जमीन थरथरते, ती पायांतून दातांपर्यंत येते. माझे कान तिथेच गेले, अर्धे. पण माणसं तिथे गप्प नसतात. आपली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ आणि भुवया हलवायच्या. चार मशीनं पलीकडचा चहा मागतो, शिवी देतो, बायको बाळंत झाली ते सांगतो, आणि समोरचा सगळं वाचतो. गुपित असेल तर तळहात तोंडाआड धरतात. नवीन आलेल्याला हे शिकायला वर्ष लागतं. रवींद्रला मी शिकवलं. सोळा वर्षांचा होता, माझ्या समोरच्या मशीनवर उभा केला होता. पहिला शब्द त्याने वाचला तो "भूक".

मी दाराशी स्टुलावर बसलो. रवींद्र लांब, पाचव्या ओळीत, एका मशीनमध्ये हात घालून उभा होता. मला बघून त्याने हात केला. बघत होतो त्याच्याकडे. दोनदा नुसत्या बोटाने एका कारीगराला बाजूला केलं, पाना फिरवला, मशीन चाललं. कारीगर म्हातारा होता, माझ्याच वयाचा, आणि रवींद्रसमोर मान हलवत होता. मला अभिमान वाटला, तो मी स्टुलावर बसूनच गिळला.

मग भटू आला. भटू शिरपूरकडचा, रवींद्रचा मित्र, शेजारच्या ओळीत कामाला. त्याने माझ्याकडे बघून ओठांनी विचारलं, आबा कशाला आलेत? रवींद्रनेही माझ्याकडे एक नजर टाकली. तोंडाआड हात धरला नाही. कशाला धरेल? त्याच्या हिशेबी मला पाचव्या ओळीतलं माणूससुद्धा धूसर दिसत होतं.

त्याचे ओठ मी वाचले. अहिराणीच होती, माझ्याच घरातली.

"हो म्हणी टाकं. घर बांधू दे त्यास्ले, खूश ऱ्हातीन. जानं कोन्हाले शे?"

हो म्हणून टाकलं. बांधू दे त्यांना घर, खूश राहतील. जायचंय कोणाला?

भटू हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी तसाच बसून राहिलो, न दिसणाऱ्या माणसासारखा. रवींद्र घाम पुसत आला, माझ्या कानाशी ओरडला, "आबा, चहा?" मी मान हलवली. चहा प्यायलो. कसा होता ते सांगता येणार नाही.

घरी येऊन ज्योतीला म्हणालो, "उद्याचं तिकीट काढायला सांग."

"शनिवारपर्यंत राहणार होतात ना? मी उद्या नाश्त्याला लोचो आणणार होते, तुम्हाला आवडतो तो."

"गाईला बघायचंय."

"आबा, गाय अजून घ्यायचीय ना?"

रात्री जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो, मग तिने दहीभात कालवला, तोही ठेवून दिला. रवींद्र आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. त्यांचं कुजबुजणं मला ऐकू येत नव्हतं. आणि तोंडं पाहायची माझी इच्छा नव्हती.

पुन्हा उधना, शुक्रवार

रवींद्र सकाळची दोन तासांची सुटी मागून मला गाडीत बसवायला आला. रिक्षात तो बोलत होता, विटा कुठून घ्याव्या, सिमेंट कोणतं, पत्रा नको स्लॅब घाला. मी हं हं करत होतो. एवढा खोटा बोलताना त्याला त्रास होत असणार, हेही माझ्या लक्षात येत होतं, आणि म्हणून आणखी राग येत होता.

त्याने मला खिडकीशी बसवलं आणि बाटली भरायला उतरला. शेजारच्या रुळावरून मालगाडी जायला लागली. लांबच लांब, डबा मागे डबा, सगळा फलाट थरथरत होता, माणसं कानांवर हात ठेवत होती. रवींद्र नळाशी उभा, माझ्यापासून वीसएक पावलांवर. त्याने वर पाहिलं. आणि मी काहीही ठरवलेलं नसताना माझे ओठ हलले.

"मी काल वाचलं."

तो हसत होता तो थांबला.

"डोळे करून आलोय. सगळं दिसतं."

बाटली भरून वाहत होती. त्याचा दुसरा हात आपोआप तोंडापाशी गेला, गुपिताचा हात. मग त्याने तो खाली घेतला. मालगाडी अजून चालली होती. घरात समोरासमोर बसून या पोराने मला कधी उलट शब्द दिलेला नाही. ओठांनी मात्र त्याने सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द सुटा, नवीन माणसाला सांगतात तसं.

"आठे मी मास्तर शे. तठे मी कोन?"

इथे मी मास्तर आहे. तिथे मी कोण?

त्याने नळ बंद केला.

"तुमनी खाट मधमा शे, आबा."

तुमची खाट मधोमध आहे.

मालगाडी संपली. एकदम सगळे आवाज परत आले, चहावाले, हमाल, रडणारी पोरं. रवींद्रने येऊन बाटली खिडकीतून दिली. "नीट जा, आबा," तो मोठ्याने म्हणाला. डोळे खाली. मी बाटली घेतली आणि खिडकी ओढून घेतली. गाडी हलली तेव्हा तो तिथेच उभा असणार. मी पाहिलं नाही.

नंदुरबारपर्यंत मी रागात होतो. माझी खाट! माझ्या मळ्यात, माझ्या अंगणात! शेजारी एक नवापूरचा माणूस होता, त्याने मला विचारलं, "बाबा, तब्येत बरी नाही का?" मी त्याच्यावरही ओरडलो. त्याने बिचाऱ्याने मला अर्धा पेरू दिला.

पेरू खाता खाता एक आठवलं, ते लिहितो. पोरांच्या मायलाही मी हे कधी सांगितलेलं नाही, इथे वाचेल तेव्हा तिला कळेल. मी तरणा असताना सुरतला का गेलो असं कोणी विचारलं की मी म्हणतो, गावात काम नव्हतं. काम होतं. शेत होतं, बैल होते. पण आमच्या वडिलांची खाट अंगणात दारासमोर असायची. लग्न होऊन सहा महिने झाले होते. रात्री पाणी प्यायला उठलो तरी खाटेवरून आवाज यायचा, "कोण रे?" घरात आम्ही मोजून चार माणसं. दुसरं कोण असणार!

मळा

घरी आलो तेव्हा पोरांची माय ओट्यावर तांदूळ निवडत होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं.

"किशोर येतो म्हणाला."

"आणि रवी?"

"दमलोय. उद्या सांगतो."

सकाळी मी तिला मळ्यात घेऊन गेलो. तिला दोरीचं एक टोक धरायला लावलं. पहिल्यांदा मी खाटेच्या जागेची खुंटी उपटली. ती मी सगळ्यात खोल ठोकली होती, निघता निघेना, दगडाने चारही बाजूंनी ठोकून हलवावी लागली. माय बघत होती. "खाट कुठे नेताय?"

"गोठा येईल तिथे. निंबाखाली."

"तिथून दारं दिसणार नाहीत."

"गाई दिसतील."

तिने दोरी एकदम नीट ताठ धरली. मग आम्ही रवींद्रचं दार फिरवलं. अंगणाकडे होतं ते रस्त्याकडे काढलं. किशोरचं विहिरीकडे. यात घराचा आकार बिघडला, एक कोपरा वाकडा झाला, आणि माझी चाळीस हात दोरी दोन हात कमी पडली. तिथे मायने आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून जोडला. हे सगळं माझ्या मनासारखं नाही. बापाचं घर असं नसतं असं मला अजूनही वाटतं. पण खुंट्या ठोकल्या त्या मीच ठोकल्या, कोणी सांगून नाही.

आठ दिवस मी फोन केला नाही. त्यानेही केला नाही. ज्योती मायशी बोलायची, "आबा कसे आहेत" विचारायची, मी फोन घेत नव्हतो. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि आलं असतं तरी पुन्हा तो "हो" ऐकायची मला भीती वाटत होती.

नवव्या दिवशी दुपारी मीच मायला म्हणालो, "तो चेहरा दिसणारा फोन लाव. रवीला."

"तो खात्यात असेल. काही ऐकू येणार नाही."

"म्हणूनच लाव."

तिने लावला. फोनमधून नुसता घरघराट आला, मशीनांचा, इतका की निंबावरची साळुंकी उडाली. मग त्याचा चेहरा दिसला. घामेजलेला, मागे मशीनं हलताहेत. त्याने घाबरून ओठांनी विचारलं, "काय झालं? माय बरी आहे ना?"

मी ओठांनी म्हणालो, "घर बघ."

फोन फिरवून त्याला खुंट्या दाखवल्या. लुगड्याचा काठ दाखवला. गोठ्यापाशी निंबाखाली नेऊन खाटेची खुंटी दाखवली. काही समजावून सांगितलं नाही. पुन्हा फोन तोंडासमोर धरला तेव्हा तो जवळ आला होता, त्याचा चेहरा सगळ्या काचेत मावत नव्हता. भटूचं अर्धं डोकं खांद्यामागून बघत होतं.

"मनं दार कोठे शे?" त्याचे ओठ म्हणाले. माझं दार कुठे आहे?

मी लाल चिंधीपाशी गेलो आणि फोन रस्त्याकडे धरला. वारा होता, चिंधी हलत होती. बराच वेळ धरला. हात दुखायला लागला.

परत बघितलं तेव्हा तो अजून काचेशी चिकटलेला होता. या वेळी "हो" म्हणू नको, असं मी मनात म्हणत होतो.

तो हो म्हणाला नाही. म्हणाला, "दारानी बाजूले मोठी खिडकी धरा. ज्योतीना मशीनले उजेड लागस." दाराच्या बाजूला मोठी खिडकी धरा, ज्योतीच्या मशीनला उजेड लागतो.

कोणीतरी त्याला हाक मारली असावी. त्याने मान वळवली, आणि फोन बंद झाला.

माय माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला त्या घरघराटातलं काहीच कळलं नव्हतं. "काय म्हणाला?"

"दोन खुंट्या आण," मी म्हणालो. "आणि खिडकी केवढी असते ते तुझ्या शिलाईवाल्या सुनेला विचार. मला त्यातलं कळत नाही."